खात्यातून पैसे गेले? पहिल्या तासापासून लोकपालापर्यंत काय करायचं

शुक्रवारी संध्याकाळी सात-चाळीसला कराडहून अण्णांचा फोन आला. आवाज बारीक. "अगं, बँकेचे तीन मेसेज आलेत. मी तर काहीच केलं नाही." अकरा मिनिटांत ५०,०००, ५०,००० आणि ३७,००० असे एकूण १,३७,००० रुपये खात्यातून गेले होते. त्या दुपारी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर विजेच्या बिलाचा मेसेज आला होता. 'बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन कापलं जाईल', आणि खाली एक अ‍ॅपची फाइल. ती त्यांनी उघडली होती. कोणाला ओटीपी सांगितला नव्हता, पिन दिला नव्हता.

ते पैसे सगळे परत आले, पण त्याला आठ महिने लागले. यातले निम्मे महिने तरी आमच्याच चुकांमुळे गेले, आणि मोठी चूक एका कागदावर एका ओळीत झाली होती. तिच्याविषयी चौथ्या पायरीत सांगते. आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मला ती कोणी सांगितली नव्हती.

पैसे परत मिळवण्याचे रस्ते दोन आहेत. पहिला पोलिसांचा: चोराच्या खात्यात पैसे पोहोचले असतील तर ते तिथेच अडकवायचे आणि न्यायालयाकडून सोडवून घ्यायचे. दुसरा बँकेचा: व्यवहार तुमच्या संमतीशिवाय झाला असेल तर नुकसान कोणी सोसायचं, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ठरवून घ्यायचं. बँकवाले म्हणतात, "पोलिसांत जा." पोलीस म्हणतात, "बँकेत जा." दोघांचंही अर्धं खरं आहे. दोन्ही रस्ते पहिल्या दिवसापासून एकदम धरायचे.

१. पहिला तास: फोन करा, पण क्रमाने

ज्या मोबाइलमधून घोटाळा झाला असं वाटतं, तो आधी फ्लाइट मोडवर टाका. अ‍ॅपची फाइल उघडली असेल तर ते अ‍ॅप तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, परस्पर पुढे पाठवत असतं. फोन बंद करून कपाटात ठेवू नका, आणि घाबरून रीसेटही मारू नका. पुरावा त्याच फोनमध्ये आहे. आमच्या शेजारच्या एका हुशार मुलाने अण्णांचा फोन 'साफ करून देतो' म्हणून हातात घेतला होता. भावाने वेळेवर हिसकावून घेतला.

आता दुसऱ्या फोनवरून दोन कॉल. घरात दोन माणसं असतील तर एकाच वेळी करा.

पहिला कॉल बँकेला. नंबर डेबिट कार्डच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो, तोच घ्या. इंटरनेटवर 'अमुक बँक कस्टमर केअर' असं शोधू नका. तिथे वर येणारा नंबर चोरांचा असण्याची शक्यता कमी नाही, आणि एकदा फसलेला माणूस तासाभरात पुन्हा फसतो तो असाच. कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय सगळं बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक मागून घ्या, वेळ लिहून ठेवा.

दुसरा कॉल १९३० या सायबर हेल्पलाइनला. हा क्रमांक देशभर एकच आहे आणि कॉल राज्याच्या पोलिसांकडे जातो. लाइन लागत नाही म्हणून सोडू नका. मला सहाव्या वेळी लागली, आठ-वीसला. समोरची व्यक्ती तुमचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, व्यवहाराची वेळ आणि व्यवहार क्रमांक विचारते. हा व्यवहार क्रमांक महत्त्वाचा. यूपीआय आणि आयएमपीएसमध्ये तो १२ अंकी असतो, एनईएफटीत १६ अक्षरांचा. बँकेच्या मेसेजमध्ये किंवा स्टेटमेंटमध्ये 'यूटीआर' किंवा 'रेफ' असं लिहून पुढे दिलेला असतो. मेसेज समोर उघडूनच फोन लावा. मी लावला तेव्हा मेसेज कराडला आणि मी पुण्यात, मग भावाला दुसऱ्या फोनवर घेऊन एकेक अंक वाचून घेतला. त्यात चार मिनिटं गेली.

चार मिनिटांचं एवढं काय, असं वाटेल. चोराच्या पहिल्या खात्यात पैसे थांबत नाहीत. तिथून ते पाच-सहा खात्यांत फुटतात, तिथून पुढे, आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून नोटा निघतात. ही खाती बहुतेक वेळा भाड्याने घेतलेली असतात, गरीब माणसाला चार पैसे देऊन त्याच्या नावावर उघडलेली. १९३० ची तक्रार यंत्रणेत गेली की ती त्या-त्या बँकेकडे पोहोचते आणि खात्यात जे शिल्लक असेल त्यावर होल्ड लागतो. अण्णांचे १,३७,००० पैकी ४४,६०० रुपये असे अडकले. उरलेले आम्ही फोन लावत होतो त्या चाळीस मिनिटांत पुढे गेले होते.

२. त्याच रात्री: पोर्टलवर तक्रार पूर्ण करा

१९३० वर बोलणं झालं की मोबाइलवर तक्रारीचा पोहोच क्रमांक येतो. पुष्कळ लोक इथेच थांबतात. थांबू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन) जाऊन तीच तक्रार २४ तासांच्या आत सविस्तर भरून पूर्ण करायची असते.

फॉर्म भरण्याआधी हे जवळ ठेवा:

– ओळखपत्राची स्कॅन प्रत, ५ एमबीपेक्षा लहान
– खात्याचं स्टेटमेंट किंवा व्यवहार दिसणारा भाग
– बँकेच्या मेसेजचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असे
– फसवणुकीचा मेसेज, ज्या नंबरवरून आला तो नंबर, लिंक किंवा फाइलचं नाव
– प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, तारीख, रक्कम, वेगवेगळं

पुराव्याची प्रत्येक फाइल १० एमबीच्या आत हवी. घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं लागतं आणि त्यात विशेष चिन्हं चालत नाहीत. रुपयाचं चिन्ह, कंस असलं काही टाकलं की फॉर्म पुढे सरकत नाही आणि नेमकं कशामुळे अडलंय ते सांगतही नाही. रात्री साडेअकराला मी त्या खिडकीसमोर बसून एकेक चिन्ह खोडत होते. मजकूर आधी साध्या शब्दांत दुसरीकडे लिहून घ्या, मग चिकटवा.

व्यवहार तीन असतील तर तिन्ही भरा. एकूण रक्कम एकाच ओळीत लिहिली तर माग फक्त एकाच व्यवहाराचा घेतला जाण्याचा धोका असतो.

३. बँकेला लेखी कळवा, आणि घड्याळ समजून घ्या

आता दुसरा रस्ता. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढलं: अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसंच परिपत्रक निघालं. बँकेत भांडायला जाताना याची छापील प्रत हातात असलेली बरी. शाखेतल्या सगळ्यांनी ते वाचलेलं असतंच असं नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्याचं सार असं. चूक, हलगर्जी किंवा सामील असणं बँकेच्या बाजूने असेल, तर तुमची जबाबदारी शून्य. तुम्ही कधी कळवलंत याला महत्त्व नाही. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठे तरी आहे, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंत तर तुमच्या वाट्याला मर्यादित तोटा येतो: साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, मूलभूत (किमान शिल्लक न लागणाऱ्या) बचत खात्याला ५,०००, मोठी चालू खाती आणि पाच लाखांवर मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डांना २५,०००. सात दिवस उलटले की तुमच्या बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेलं धोरण लागू होतं. म्हणजे बँकेच्या मर्जीवर आलात.

दिवस मोजताना मेसेज आला तो दिवस धरत नाहीत, आणि दिवस तुमच्या मूळ शाखेच्या कामकाजाचे. आमचा शुक्रवार होता, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. म्हणजे सोमवार हा पहिला दिवस. पण या हिशोबाच्या भरवशावर बसून राहू नका. त्याच रात्री बँकेच्या अधिकृत ईमेलवर लिहा. कारण दुसरी बाजू अशी आहे: ग्राहकाच्या हलगर्जीमुळे, म्हणजे त्याने स्वतः पिन किंवा ओटीपी दिल्यामुळे पैसे गेले, तर कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा. कळवल्यानंतर मात्र जे जाईल ते बँकेचं. तेव्हा कळवल्याची वेळ कागदावर असणं तुमच्या फायद्याचं.

आणखी दोन कलमं पाठ करून ठेवा. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती तुमच्या खात्यात जमा करायची असते, विम्याच्या दाव्याची वाट न बघता. आणि ग्राहकाची जबाबदारी आहे असं बँकेला म्हणायचं असेल, तर ते सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर. सगळा निवाडा ९० दिवसांत व्हायला हवा.

तात्पुरती जमा झालेली रक्कम मिळाली तर ती खर्च करू नका. चौकशीचा निकाल विरुद्ध गेला तर बँक ती परत काढून घेते. आम्हाला हा प्रश्न पडलाच नाही, कारण दहा दिवसांत काहीच जमा झालं नाही. पुढे तेच आमच्या कामी आलं.

४. अर्जातली भाषा: इथे आम्ही घसरलो

सोमवारी सकाळी मी पुण्याहून निघण्याआधीच अण्णा शाखेत जाऊन बसले. एकाहत्तर वर्षांचे, चाळीस वर्षं त्याच बँकेचे खातेदार, सगळे ओळखीचे. तिथल्या एका साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "काका, मी सांगतो तसं लिहा, लवकर काम होईल." अण्णांनी लिहिलं: 'माझ्या चुकीमुळे माझा ओटीपी गेला व त्यामुळे माझ्या खात्यातून रक्कम गेली. तरी ती मिळवून द्यावी ही विनंती.' खाली सही.

त्या साहेबांच्या मनात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्या एका ओळीने अण्णा स्वतःहून 'ग्राहकाची हलगर्जी' या खान्यात जाऊन बसले. सव्विसाव्या दिवशी बँकेचं उत्तर आलं: ग्राहकाने ओटीपी उघड केल्याचे स्वतः मान्य केले आहे, सबब बँक जबाबदार नाही.

अण्णांनी ओटीपी कोणाला दिला नव्हता. तो चोरीला गेला होता. या दोन वाक्यांत १,३७,००० रुपयांचा फरक आहे.

तेव्हा अर्ज घरी बसून लिहा, शांतपणे. खोटं अजिबात लिहू नका. ओटीपी सांगितला असेल तर सांगितला असंच लिहा, नंतर कॉल रेकॉर्ड निघतात. पण जे घडलं नाही ते कोणाच्या सांगण्यावरून कबूल करू नका. मंगळवारी मी दिलेला दुसरा अर्ज साधारण असा होता, तुम्हाला वापरता येईल:

'माझ्या बचत खात्यातून दिनांक अमुक रोजी सायंकाळी ७.१२ ते ७.२३ या वेळेत खाली नमूद तीन व्यवहार माझ्या संमतीशिवाय व माझ्या नकळत झाले. मी हे व्यवहार केलेले नाहीत, तसेच पिन, पासवर्ड अथवा ओटीपी कोणासही सांगितलेला नाही. याबाबत मी त्याच दिवशी आपल्या टोल फ्री क्रमांकावर, ईमेलद्वारे व १९३० वर कळवले आहे. तक्रार क्रमांक खालीलप्रमाणे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी. दिनांक अमुकच्या माझ्या अर्जातील मजकूर गैरसमजातून लिहिला गेला असून, वस्तुस्थिती वरीलप्रमाणे आहे.'

शेवटचं वाक्य तुम्हाला लागू नये, हीच इच्छा.

अर्जासोबत काही प्रश्नही विचारा, लेखी: नवीन लाभार्थी खाती (ज्यांत पैसे गेले ती) केव्हा जोडली गेली? कोणत्या उपकरणावरून, कोणत्या आयपी पत्त्यावरून लॉगिन झालं? ओटीपी कोणत्या क्रमांकावर, किती वाजता गेला? नेहमी महिन्याला पाच-सात हजार काढणाऱ्या खात्यातून अकरा मिनिटांत तीन मोठे व्यवहार झाले, तेव्हा यंत्रणेला शंका का आली नाही? उत्तरं मिळतीलच असं नाही. आम्हाला चारांपैकी एकाचंच मिळालं. पण जिथे उत्तर नाही तिथे बँकेने सिद्ध केलं नाही, हे पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालासमोर, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, म्हणता येतं.

दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. 'ठेवून जा, मी बघतो' असं कोणी म्हटलं तर हसून तिथेच उभं राहा. पोहोच मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा.

५. पोलीस ठाणे: तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे

पोर्टलवरची तक्रार नोंदली गेली म्हणजे गुन्हा दाखल झाला, असा समज सर्रास दिसतो. तसं नाही. ती तक्रार तुमच्या हद्दीतल्या ठाण्याकडे किंवा सायबर ठाण्याकडे जाते आणि तिथे पडून राहू शकते. पोहोच क्रमांकाची छापील प्रत, स्टेटमेंट आणि ओळखपत्र घेऊन प्रत्यक्ष जा आणि फिर्याद द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, ३१९ तोतयेगिरीचं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ क आणि ६६ ड. कलमं लावणं पोलिसांचं काम, पण तुम्हाला माहीत असलेली बरी.

'रक्कम लहान आहे', 'आमच्याकडे हद्द येत नाही' ही दोन उत्तरं ऐकावी लागू शकतात. हद्दीचा मुद्दा आला तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, म्हणजे कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा आणि तो नंतर योग्य ठाण्याकडे जातो. दाद लागलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालयाला, टपालाने लेखी कळवण्याची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. कराडच्या ठाण्यात तिसऱ्या फेरीला एका महिला हवालदारांनी जबाब घेतला, आणि तो इतका नीट लिहिला की पुढे बँकेलाही मी त्याचीच प्रत दिली.

ठाण्यातून निघण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: किती रक्कम होल्ड झाली, कोणत्या बँकेत, कोणत्या खात्यात? ही माहिती तुम्हाला आपोआप कळत नाही. विचारल्याशिवाय आम्हालाही ४४,६०० चा आकडा कळला नसता.

६. होल्ड झालेले पैसे सोडवणं

चोराच्या खात्यात अडकलेली रक्कम कायद्याच्या नजरेत मुद्देमालासारखी आहे. चोरीला गेलेली मोटारसायकल सापडली तर ती जशी अर्ज करून न्यायालयाकडून ताब्यात घ्यायची, तसंच हे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७ किंवा ५०३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. (जुलै २०२४ आधीच्या कायद्यात हीच कलमं ४५१ आणि ४५७ होती, जुने वकील अजून तेच आकडे बोलतात.) लहान रकमेसाठी न्यायालयात न जाताच परतावा होतो का, हे तपास अधिकाऱ्यांना आधी विचारून घ्या, एक फेरी वाचली तर वाचली.

अर्जाला जोडायचं ते एवढं: एफआयआरची किंवा पोर्टल तक्रारीची प्रत, तुमचं स्टेटमेंट, होल्डचा तपशील, पासबुकाचं पहिलं पान, ओळखपत्र. न्यायालय पोलिसांचा 'से' मागवतं, म्हणजे त्यांचं म्हणणं. इथे तारखा पडतात. आमच्या दोन तारखा केवळ से आला नाही म्हणून गेल्या. मग भावाने ठाण्यात जाऊन तपास अधिकाऱ्यांना तारीख आठवण करून द्यायला सुरुवात केली आणि काम हललं. आदेशात शक्यतो बंधपत्र लिहून द्यावं लागतं, की पुढे या रकमेवर दुसऱ्या कोणाचा हक्क ठरला तर मी परत करीन.

आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन ती ज्या बँकेत रक्कम अडकली आहे त्या बँकेपर्यंत पोहोचवायची. तुमच्या बँकेत नव्हे. ती शाखा परराज्यात असेल तर पोलिसांमार्फत ईमेलने पाठवून घ्या आणि स्वतःही पाठपुरावा करा.

७. बँकेने नाही म्हटलं तर

बँकेचं नकाराचं पत्र आलं, किंवा ३० दिवस उत्तरच नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच एकात्मिक योजना आहे. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर, फी काही नाही, विचारपूस करायला १४४४८ हा क्रमांक. उशीर मात्र करू नका, तिथे मुदत असते.

तक्रार फेटाळली जाण्याची नेहमीची कारणं मी दोन पाहिली. बँकेकडे आधी लेखी तक्रार न करता थेट लोकपालाकडे जाणं, हे पहिलं. तोच वाद ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात आधीच चालू असणं, हे दुसरं. बँकेविरुद्धचा वाद, बरं का. चोराविरुद्धची पोलीस तक्रार याच्या आड येत नाही. आणि तक्रार स्वतः करा किंवा घरच्या माणसाला अधिकारपत्र द्या. वकिलामार्फत केलेली तक्रार ही योजना घेत नाही.

आमची तक्रार दीड पानाची होती. तारखांचा तक्ता, दोन्ही अर्ज, पहिला अर्ज कसा लिहून घेतला गेला याचा खुलासा, आणि शेवटी तीन ओळी: दहा दिवसांत तात्पुरती रक्कम जमा केली नाही, ओटीपी ग्राहकाने दिल्याचा पुरावा दिला नाही, सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. भावनिक काही नाही. 'वृद्ध माणसाची आयुष्याची पुंजी' वगैरे मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ते काढून टाकलं. पाचव्या महिन्यात बँकेने तडजोडीने ९२,४०० रुपये, म्हणजे होल्ड झालेली रक्कम वगळून उरलेलं सगळं, जमा केलं.

न्यायालयंही या परिपत्रकाचा आधार घेतात. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये एका कंपनीच्या खात्यातून गेलेले सुमारे ७६.९० लाख रुपये परत करायला बँकेला सांगितलं, ते याच शून्य जबाबदारीच्या नियमावर. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९४,२०४ रुपयांच्या प्रकरणात स्टेट बँकेचं अपील फेटाळलं. तिथला ग्राहक ऑनलाइन खरेदीचा परतावा मिळवण्याच्या नादात बनावट कस्टमर केअरच्या सांगण्यावरून अ‍ॅप उतरवून बसला होता, पण त्याने २४ तासांत बँकेला कळवलं होतं. अर्जात या निकालांचा उल्लेख करायला हरकत नाही.

लोकपालाकडेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत, आणि तिथे वकील लागतोच असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव नुकसानभरपाईच्या दाव्यांचा न्यायनिवाडा करतात, ही वाट फार कमी लोकांना ठाऊक असते. रक्कम मोठी असेल तर वकिलाला तिच्याबद्दल जरूर विचारा.

पतसंस्थेत खातं असेल तर मात्र यातलं बँकेचं काहीच लागू नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. तिथे पोलिसांचा रस्ता आणि सहाय्यक निबंधकांकडे तक्रार, एवढंच हातात.

८. पैसे तुम्ही स्वतः पाठवले असतील तर

हे लिहायला बरं वाटत नाही, पण खोटी आशा दाखवणं त्याहून वाईट. 'डिजिटल अरेस्ट'च्या भीतीने, शेअर बाजाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या नादाने किंवा घरबसल्या कामाच्या आमिषाने तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवले असतील, तर बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार तुमच्या संमतीचा आहे. २०१७ चं परिपत्रक तिथे सहसा कामाला येत नाही. हाताशी उरतो तो १९३० आणि होल्ड. म्हणून अशा प्रकरणांत लाजेपायी गेलेला एक दिवस फार महाग पडतो. घरच्यांना नंतर सांगा, आधी १९३० लावा.

आधारच्या अंगठ्याने पैसे काढले गेले असतील तर बाजू तुमच्याकडे जास्त झुकते, कारण तिथे ओटीपीच नसतो. बँकेला कळवा आणि लगेच आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. १९४७ वर चौकशी करता येते.

९. मधल्या महिन्यांत सांभाळायच्या गोष्टी

तक्रार केल्यावर आठवड्याभरात अण्णांना फोन आला: "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवण्यासाठी २,५०० रुपये प्रोसेसिंग फी भरा." फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात बहुधा. पोलीस, रिझर्व्ह बँक, लोकपाल, यातलं कोणीही पैसे परत करण्यासाठी पैसे मागत नाही. कमिशनवर 'रिकव्हरी' करून देणारेही त्याच माळेचे मणी.

एक वही करा. कोणाशी, किती वाजता, काय बोलणं झालं, एवढंच. आमची दोनशे पानी वही होती, पाऊण भरली.

आणि शेवटी बँक पैसे द्यायला तयार झाली की 'माझी संपूर्ण तक्रार निकाली निघाली असून कोणताही दावा उरलेला नाही' अशा पत्रावर सही मागते. सही करण्याआधी त्यात आकडा आहे का बघा. बँकेकडून मिळणारी रक्कम आणि न्यायालयाकडून यायची रक्कम वेगळी असेल, तर तसं एका ओळीत लिहून घ्या, कारण तेच पैसे दोनदा घेता येत नाहीत आणि एकदा यायचे ते सहीमुळे बुडूही नयेत. आमच्या पत्रात ती ओळ नव्हती. अण्णांनी खिशातून पेन काढलं, रिकाम्या जागेत स्वतःच्या अक्षरात 'होल्ड रक्कम रु. ४४,६०० वगळून' असं लिहिलं, शेजारी छोटी सही केली आणि समोरच्या साहेबांनाही करायला लावली. तीन महिन्यांनी तेही पैसे आले.